पॅनेल उघडण्याआधी : आर्क फ्लॅशचा धोका कसा मोजायचा

वीज झटका देऊन मारते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तारेला हातही न लावता, पॅनेलपासून दोन फुटांवर उभा असलेला माणूस क्षणात होरपळू शकतो, हे कारखान्यात नव्याने लागलेल्या अनेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. दोन फेजच्या बसबारवर (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) स्पॅनर पडतो, एखादी पाल आडवी येते, ओलसर धुळीवरून करंट सरकतो, आणि त्या फटीतली हवाच वीज वाहू लागते. हा आर्क. त्याच्या गाभ्यात तापमान सुमारे 19,000 अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं. तिथलं तांबं वितळून थांबत नाही, त्याची वाफ होते आणि ती मूळ धातूच्या तुलनेत जवळपास 67,000 पट फुगते. पॅनेलचं दार उडतं ते या दाबाने. वितळलेल्या धातूचे थेंब, कानाचे पडदे फाडणारा आवाज आणि डोळे भाजणारा प्रकाश हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं.

अमेरिकेत राल्फ ली या अभियंत्याने 1982 साली आर्कच्या उष्णतेने होणाऱ्या भाजण्यावर शोधनिबंध लिहिला आणि किती अंतरावर किती भाजेल याचं गणित मांडलं. पुढे आयईईई 1584 हे आकडेमोडीचं मानक 2002 मध्ये आलं, 2018 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. कामाची पद्धत, परमिट, कपडे यांसाठी एनएफपीए 70ई हे दुसरं अमेरिकन मानक वापरलं जातं. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2023 चे सुरक्षा विनियम कायद्याने लागू आहेत आणि राज्यात विद्युत निरीक्षक तपासणी करतात. मात्र आर्कची उष्णता मोजायची वेळ आली की भारतातले कारखाने बहुतेक वेळा या दोन अमेरिकन मानकांचाच आधार घेतात.

आयटीआय किंवा डिप्लोमा करून मेंटेनन्समध्ये आलेले, सेफ्टी विभागात नेमले गेलेले आणि एमआयडीसीत स्वतःचा छोटा कारखाना चालवणारे, अशांसाठी मी हे लिहितो आहे. संपूर्ण अभ्यास सॉफ्टवेअर वापरून जाणकाराकडूनच करून घ्यावा लागतो. पण माहिती नीट गोळा करणं, सल्लागाराला योग्य प्रश्न विचारणं आणि त्याचा अहवाल वाचून निर्णय घेणं हे तुमचंच काम आहे.

## सुरुवातीला तीन राशी ओळखा

माणसावर किती उष्णता पडेल हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: आर्कमधून वाहणारा करंट, तो किती वेळ वाहतो, आणि माणसाचा चेहरा-छाती आर्कपासून किती लांब आहे. ही उष्णता दर चौरस सेंटिमीटरला किती कॅलरी अशी मोजतात. पुढे मी नुसतं ‘कॅलरी’ लिहीन तेव्हा हेच माप समजा. उघड्या त्वचेवर 1.2 कॅलरी पडली की फोड येणारं, म्हणजे दुसऱ्या दर्जाचं भाजणं सुरू होतं. सगळ्या अभ्यासाची सीमारेषा हा आकडा आहे.

या तिघांपैकी करंट ट्रान्सफॉर्मर ठरवतो आणि अंतर काम ठरवतं. तुमच्या हातात खऱ्या अर्थाने राहते ती वेळ, म्हणजे ब्रेकर किती लवकर उघडतो ते. आर्क फ्लॅश म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जाडजूड सूट येतो. माझ्या मते पहिलं लक्ष रिलेच्या, म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकरला उघडायला लावणाऱ्या उपकरणाच्या, सेटिंगवर जायला हवं.

## पायरी 1 : कामांची यादी करा

पॅनेलची यादी सगळेच करतात. त्याआधी कामांची यादी करा, कारण एकाच पॅनेलसमोर वेगवेगळ्या कामांचा धोका वेगळा असतो. दार बंद ठेवून ब्रेकर चालू-बंद करणं, दार उघडून टाँग टेस्टर (तारेभोवती लावून करंट मोजणारा चिमटा) लावणं, ब्रेकर रॅक-इन किंवा रॅक-आउट करणं (बसबारला जोडण्यासाठी आत सरकवणं किंवा बाहेर ओढणं), थर्मोग्राफीसाठी (कॅमेऱ्याने तापलेले जोड शोधण्यासाठी) मागचं कव्हर काढणं, फ्यूज बदलणं, नवीन केबल ओढणं, एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या) पॅनेलमधला कॅपॅसिटर बदलणं, पॅनेलला झाडलोट करणं. शेवटचं मुद्दाम लिहिलं. सफाई कामगार ओलं फडकं घेऊन पॅनेल रूममध्ये जातो आणि त्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं.

प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहा: ते कोण करतं (आपला वायरमन की कंत्राटदाराचा माणूस), किती वेळा करतं, आणि ते पुरवठा बंद करून करता येईल का. तिसऱ्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं गेलं तर कारणही लिहायला लावा. ‘प्रॉडक्शन थांबतं’ हे कारण चालू लाइनवर काम करायला पुरेसं नाही. बंद केल्याने दुसरा मोठा धोका तयार होतो, जसं की धोकादायक वायूचं व्हेंटिलेशन थांबणं, किंवा व्होल्टेज मोजण्यासारखं काम मुळात चालू असतानाच करता येतं, अशी कारणं चालतात. ही यादी प्रामाणिकपणे भरली, तर चालू लाइनवरची पुष्कळशी कामं कागदावरच कमी होतात.

## पायरी 2 : सिंगल लाइन डायग्राम आणि प्रत्यक्ष पाहणी

ऑफिसात लावलेला सिंगल लाइन डायग्राम (कारखान्याची सगळी वीजजोडणी एकेरी रेषांनी दाखवणारं चित्र) हातात घ्या आणि महावितरणच्या मीटरिंग क्युबिकलपासून शेवटच्या डिस्ट्रिब्युशन बोर्डापर्यंत चालत जा. मधल्या काळात जोडलेला फीडर, हलवलेला डीजी (डिझेल जनरेटर) सेट, छपरावरच्या सोलरची जोडणी असं काही ना काही चित्रात नसतंच. ते लाल पेनाने लिहून घ्या.

ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवरून केव्हीए आणि टक्के इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा), केबलची लांबी, साइझ आणि रन, प्रत्येक ब्रेकरचं मेक-मॉडेल, ट्रिप युनिटवरच्या (ब्रेकर कधी उघडायचा ते ठरवणाऱ्या भागावरच्या) सेटिंग्ज, एचटी म्हणजे उच्च दाबाच्या बाजूचा रिले किंवा फ्यूज, मोठ्या मोटारींची यादी, डीजीची माहिती, बसबारमधलं अंतर आणि पॅनेलच्या कप्प्याची लांबी-रुंदी-खोली हे सगळं लागेल. महावितरणकडून पुरवठ्याच्या जागेची फॉल्ट लेव्हल, म्हणजे तिथे शॉर्ट सर्किट झालं तर किती जोर येईल तो आकडा, लेखी मागा, आणि कमाल व किमान दोन्ही मागा. किमान कशाला, ते चौथ्या पायरीत येईल.

ट्रिप युनिटच्या सेटिंगचा मोबाइलवर फोटो घ्या. जुन्या टेस्ट रिपोर्टमधली सेटिंग आणि आज ब्रेकरवर असलेली सेटिंग अनेकदा जुळत नाही. कधीतरी रात्रपाळीत ब्रेकर सारखा ट्रिप होत होता, कुणीतरी डायल वर सरकवला, आणि तो तसाच राहिला. ही माहिती गोळा करायला चालू पॅनेलचं कव्हर काढू नका. बाहेरून दिसेल तेवढं आज घ्या, आतलं मोजमाप पुढच्या शटडाउनला घ्या.

याच फेरीत पॅनेलची तब्येतही बघा. तारापूर, महाड, लोटे अशा रासायनिक पट्ट्यात वाफांनी बसबारचे जोड काळे-हिरवे पडतात. इचलकरंजी-भिवंडीकडे कापसाचा तंतू पॅनेलमध्ये साठतो. साखर कारखान्यात बगॅसचा भुसा साचतो, शिवाय पॅनेल पावसाळाभर बंद असतात. बॉयलर अग्निप्रदीपनाचा मुहूर्त आधीच ठरलेला असतो, म्हणून हंगामाच्या तोंडावर सगळी घाई होते आणि मेगर न घेताच, म्हणजे इन्सुलेशनची तपासणी न करताच, पॅनेल चार्ज होतं (त्यात वीज सोडली जाते). महिनोन्‌महिने दमट हवेत पडून राहिलेलं पॅनेल पहिल्यांदा चार्ज करण्याची घटका फार नाजूक असते. स्पेस हीटर चालू आहेत का, केबल एंट्रीची भोकं बुजवली आहेत का, उंदीर-घुशींच्या लेंड्या दिसतात का, दाराचे सगळे स्क्रू जागेवर आहेत का, हे लिहून घ्या. दसऱ्याला पॅनेलवर घातलेला झेंडूचा हार व्हेंटिलेशनच्या जाळीवर आठवडाभर लटकू देऊ नका. पूजा व्हावी, आणि हार त्याच संध्याकाळी उतरावा.

## पायरी 3 : शॉर्ट सर्किट करंट काढा

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. 11 केव्हीचा पुरवठा, 1000 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, दुय्यम बाजू 433 व्होल्ट, इम्पिडन्स 5 टक्के.

फुल लोड करंट: 1000 भागिले (1.732 गुणिले 0.433), म्हणजे सुमारे 1,333 अँपिअर. त्याला 0.05 ने भागा. ट्रान्सफॉर्मरच्या तोंडाशी शॉर्ट सर्किट करंट सुमारे 26,700 अँपिअर, म्हणजे 26.7 किलोअँपिअर. वरच्या जाळ्याचा इम्पिडन्स आणि केबल धरली की आकडा थोडा खाली येतो, मोठ्या मोटारींचा हातभार धरला की थोडा वर जातो. अंदाजासाठी एवढं पुरे.

दोन गोष्टी इथेच तपासा. पॅनेलची आणि ब्रेकरची शॉर्ट सर्किट क्षमता या आकड्याहून जास्त आहे ना? नसेल तर आर्कचा अभ्यास बाजूला ठेवून आधी तो प्रश्न सोडवा. आणि डीजीवर चालताना हाच करंट किती असतो? बहुतेक वेळा बराच कमी.

## पायरी 4 : आर्कचा करंट आणि ब्रेकरची वेळ

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. अहवाल खरा की नुसता कागद, ते इथे ठरतं.

शॉर्ट सर्किटचा करंट आणि आर्कचा करंट एक नसतो. आर्कमधल्या हवेलाच रोध असतो, त्यामुळे कमी व्होल्टेजला करंट बराच घटतो. आपल्या उदाहरणात, बसबारमध्ये 32 मिलिमीटर अंतर धरून 2002 च्या सूत्रांनी काढलं, तर आर्कचा करंट सुमारे 13 किलोअँपिअर येतो. 26.7 च्या जवळजवळ निम्मा.

आता इनकमर ब्रेकर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून पॅनेलमध्ये पुरवठा आत घेणारा मुख्य ब्रेकर, बघा. 1,600 अँपिअरचा एसीबी (एअर सर्किट ब्रेकर) आहे, शॉर्ट टाइमची (मोठ्या फॉल्टला थोड्याच उशिराने उघडण्याची) सेटिंग 8 पट, म्हणजे 12,800 अँपिअर, आणि उशीर 0.4 सेकंद, असं समजा. 26.7 किलोअँपिअरच्या फॉल्टला हा ब्रेकर बिनचूक 0.4 सेकंदांत उघडतो. को-ऑर्डिनेशनच्या (कोणता ब्रेकर आधी उघडेल ते दाखवणाऱ्या) आलेखावर सगळं छान दिसतं. पण आर्कचा करंट 13 किलोअँपिअर, सेटिंगच्या अगदी काठावर. प्रत्यक्षातला आर्क थरथरता असतो, म्हणून 2002 च्या मानकाने 15 टक्के कमी करंट धरूनही एकदा गणित करायला सांगितलं. 13 चे 15 टक्के कमी केले की 11 किलोअँपिअर. हा करंट शॉर्ट टाइमच्या खाली जातो, ब्रेकरला तो नुसता ओव्हरलोड वाटतो, आणि तो लाँग टाइमच्या (ओव्हरलोडसाठीच्या संथ) वक्रावर आरामात वाट बघतो. ती सेटिंग 6 पटीला 12 सेकंद असेल तर 11 किलोअँपिअरला जवळपास 9 सेकंद.

करंट कमी झाला आणि भाजणं वाढलं. नवख्या माणसाने या अभ्यासातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्यावी. किमान फॉल्ट लेव्हल मागायची ती यासाठी, आणि डीजीवरची स्थिती वेगळी तपासायची तीही यासाठी. फॉल्ट करंट कमी असेल तिथे पॅनेल सुरक्षित, असा समज अजूनही पुष्कळ ठिकाणी पक्का बसलेला आहे.

दुसरा सापळा इनकमरच्या मागे असतो. ट्रान्सफॉर्मरपासून इनकमर ब्रेकरच्या वरच्या टर्मिनलपर्यंतच्या भागात आर्क पेटला, तर तो इनकमर कसा तोडणार? तो तर आर्कच्या खालच्या बाजूला आहे. तिथे एचटी बाजूचा रिलेच कामाला येतो. 433 व्होल्टवरचे 13 किलोअँपिअर 11 केव्ही बाजूला फक्त 512 अँपिअर दिसतात. ट्रान्सफॉर्मर चार्ज करतानाच्या इनरशला (क्षणभर येणाऱ्या मोठ्या करंटला) ट्रिप होऊ नये म्हणून तिथलं इन्स्टंटेनियस, म्हणजे उशीर न लावता ट्रिप देणारं सेटिंग, बरंच वर ठेवलेलं असतं, त्याला हे 512 दिसतच नाहीत. उरतो आयडीएमटी, म्हणजे करंट जितका जास्त तितक्या लवकर ट्रिप देणारा रिले. पिकअप (रिले जागा होतो तो करंट) 66 अँपिअर, नॉर्मल इन्व्हर्स वक्र, टाइम मल्टिप्लायर (वेळेला गुणायचा आकडा) 0.2 असेल, तर रिलेला साधारण 0.67 सेकंद आणि ब्रेकरचा वेळ धरून पाऊण सेकंद लागतो. म्हणून ‘इनकमर ऑफ केला आहे, आता पॅनेल डेड आहे’ असं म्हणून इनकमरच्याच कप्प्यात हात घालणं फार धोक्याचं. पॅनेलमधली सगळ्यात भाजणारी जागा बहुधा तीच असते.

## पायरी 5 : उष्णता आणि सीमा

वरच्याच उदाहरणात, न्यूट्रल थेट अर्थ केलेला, माणूस 610 मिलिमीटरवर, बंदिस्त पॅनेल, 2002 ची सूत्रं, असं धरून अंदाज काढला तर चित्र असं दिसतं. आर्क 0.05 सेकंदांत तुटला तर सुमारे 1.4 कॅलरी. 0.4 सेकंदांत तुटला तर सुमारे 11. इनकमरच्या वरच्या बाजूला, पाऊण सेकंद, सुमारे 21. आणि करंट लाँग टाइमच्या वक्रावर गेला, माणूस 2 सेकंदांत तिथून निसटला असं धरलं, तरी 45 कॅलरीच्या वर. पॅनेल तेच, ट्रान्सफॉर्मर तोच, फरक फक्त वेळेचा.

2 सेकंदांची मर्यादा का, तर तेवढ्यात माणूस दूर फेकला जातो किंवा पळतो असं गृहीत आहे. पॅनेलच्या मागच्या अरुंद बोळात किंवा शिडीवर असलेल्या माणसाला हे गृहीतक लावू नका.

अंतराचं पाहायचं तर कमी व्होल्टेजच्या स्विचगिअरला 610 मिलिमीटर, एमसीसी (मोटारींचे स्टार्टर असलेलं पॅनेल) आणि छोट्या पॅनेलला 455, आणि 11 केव्हीच्या स्विचगिअरला 910 मिलिमीटर ही सर्वसाधारण कार्य-अंतरं धरतात. ही आर्कपासून चेहरा-छातीपर्यंतची आहेत. हात त्याहून कितीतरी जवळ असतो, म्हणजे त्याला कितीतरी जास्त लागणार. आर्क बाउंड्री म्हणजे जिथे उष्णता 1.2 कॅलरीवर येते ते अंतर. 11 कॅलरीच्या स्थितीत ती सुमारे पावणेतीन मीटरवर येते, 21 कॅलरीला सव्वाचार मीटर. या रेषेच्या आत बघे नकोत, चहावाला नको, आणि सूट न घातलेला सुपरवायझरही नको.

2018 च्या आवृत्तीत बसबार उभे आहेत की आडवे, टोक अडवलेलं आहे की माणसाच्या दिशेने आहे, यानुसार पाच मांडण्या दिल्या आहेत. माणसाकडे तोंड करून असलेल्या आडव्या बसबारसमोर उष्णता जास्त येते, आणि रॅक-आउट होणाऱ्या ब्रेकरच्या मागचे क्लस्टर (बसबारला पकडणारे संपर्क) नेमके तसे असतात. सल्लागाराने सगळ्या पॅनेलना एकच मांडणी लावली असेल तर का, ते विचारा. हे मानक 208 व्होल्ट ते 15 केव्ही, तीन फेज एसीसाठी आहे. 22 किंवा 33 केव्हीवर पुरवठा असेल किंवा सोलरची डीसी बाजू मोजायची असेल, तर वेगळी पद्धत लागते.

आकडेमोड शक्य नसेल तर एनएफपीए 70ई मध्ये तक्ते आहेत. त्यात कपड्यांच्या चार श्रेणी: किमान 4, 8, 25 आणि 40 कॅलरी. पण प्रत्येक ओळीला अट असते. एमसीसीची ओळ बघा. 65 किलोअँपिअरपर्यंत करंट आणि 0.03 सेकंदांत तुटत असेल तर श्रेणी 2. करंट 42 किलोअँपिअरपर्यंतच, पण वेळ 0.33 सेकंद, तर थेट श्रेणी 4. तुमच्या ब्रेकरची वेळ माहीत नसेल तर तक्ता उघडण्यातही अर्थ नाही. आणि एकाच पॅनेलला आकडेमोड आणि तक्ता यांची खिचडी करू नका, दोन्हींपैकी एकच निवडा.

## पायरी 6 : आकडा खाली आणा

अहवालात लाल अक्षरांत 45 कॅलरी आलं की लगेच जाड सूट खरेदीची फाइल पुढे सरकते. थांबा. वरच्या उदाहरणात शॉर्ट टाइमची सेटिंग 8 पटीवरून 5 पटीवर, म्हणजे 8,000 अँपिअरवर आणली, तर 11 आणि 13 दोन्ही किलोअँपिअर 0.4 सेकंदांत तुटतात. 45 चे 11 झाले, खर्च जवळपास शून्य. अर्थात सर्वांत मोठी मोटार सुरू होताना आणि खालच्या ब्रेकरशी जुळवणीत अडचण येत नाही ना, हे आधी तपासावं लागतं. हा बदल स्क्रूड्रायव्हर घेऊन परस्पर करायचा नाही, तो लेखी मंजुरीने आणि रिलेच्या इंजेक्शन टेस्टसह (ठरावीक करंट सोडून ट्रिप होतो का ते बघून) करायचा.

त्याच्या पुढचे उपाय पैशांचे, पण सार्थ. मेंटेनन्स मोडचा स्विच, जो काम चालू असेपर्यंत ब्रेकरचा उशीर शून्य करतो. झोन सिलेक्टिव्ह इंटरलॉकिंग, ज्यात ब्रेकर एकमेकांना सिग्नल देतात आणि फॉल्टच्या सर्वांत जवळचा ब्रेकर उशीर न करता उघडतो. आर्कचा प्रकाश आणि करंट दोन्ही पाहून काही मिलिसेकंदांत ट्रिप देणारा आर्क रिले, ज्यामुळे उरतो तो फक्त ब्रेकरचा स्वतःचा वेळ. इनकमरच्या मागच्या भागासाठी या रिलेची ट्रिप एचटी ब्रेकरला द्यायला विसरू नका. दूरवरून रॅकिंग करणारी मोटार आणि थर्मोग्राफीसाठी इन्फ्रारेड खिडकी यांनी माणूसच रेषेबाहेर जातो. नवीन पॅनेल घेताना अंतर्गत आर्कची चाचणी झालेली आहे का ते विचारा: कमी व्होल्टेजला आयईसी टीआर 61641, 11 केव्हीच्या स्विचगिअरला आयईसी 62271-200. ही चाचणी दार बंद आणि सगळे स्क्रू आवळलेले असतानाची असते. दार उघडं असेल तर त्या प्रमाणपत्राचा उपयोग नाही.

आणि ब्रेकरची देखभाल. वर्षानुवर्षं ग्रीस सुकलेला एसीबी 0.4 सेकंदांऐवजी किती वेळात उघडेल हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.

## पायरी 7 : पुरवठा बंद करून काम

क्रम पाठ असू द्या. कुठून कुठून पुरवठा येतो ते चित्रावर बघा, त्यात डीजी, सोलर, यूपीएस आणि कॅपॅसिटर धरा. संबंधितांना कळवा, लोड काढा, ब्रेकर उघडा, रॅक-आउट करा. काम करणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप आणि टॅग, किल्ली त्याच्याच खिशात. पाच माणसं असतील तर पाच कुलपं. शिफ्ट बदलली तर किल्लीही समोरासमोर हस्तांतरित व्हायला हवी. ‘मी फोन करतो, मग चालू कर’ या भरवशावर माणसं गेलेली आहेत.

मग तपासणी. टेस्टर आधी चालू जागेवर लावून बघा, मग कामाच्या जागेवर तिन्ही फेज एकमेकांत आणि अर्थशी, मग पुन्हा चालू जागेवर. मीटर मध्येच बिघडला असेल तर तिसऱ्या टप्प्यात कळतं. मीटर कॅट III किंवा कॅट IV (मीटरवर छापलेला सुरक्षिततेचा वर्ग) चा, लीड धडधाकट, आणि नॉब अँपिअरवर नाही ना ते दोनदा बघा. अँपिअरच्या रेंजवर मीटर लावून व्होल्टेज मोजणं म्हणजे दोन फेजना हाताने शॉर्ट करणं. एचटीला आणि केबलवर काम असेल तर डिस्चार्ज रॉड आणि अर्थिंग.

तपासणी पूर्ण होऊन पॅनेल डेड आहे हे सिद्ध होईपर्यंत ते चालूच आहे असं धरायचं. म्हणून सूट, फेस शील्ड, हातमोजे तपासणी करतानाही अंगावर हवेत. ‘बंदच तर केलंय’ म्हणून ते आधी काढून ठेवण्याची सवय नव्या मुलांना जुन्यांकडूनच लागते.

## पायरी 8 : कपडे

सगळे उपाय करूनही जो आकडा उरतो, त्याहून जास्त आर्क रेटिंगचे कपडे निवडा. लेबलवर कॅलरीचा आकडा असतो. काही युरोपीय कपड्यांवर 1 किंवा 2 असा वर्ग असतो. तो वेगळ्या चाचणीतून येतो आणि त्याचं कॅलरीत सरळ रूपांतर होत नाही. एनएफपीएची श्रेणी 2 आणि हा वर्ग 2 एकच समजून खरेदी करू नका.

आपल्याकडचा मोठा धोका नेहमीच्या युनिफॉर्ममध्ये आहे. टेरिकॉटचा शर्ट, नायलॉनचं बनियन, पॉलिएस्टरचं रिफ्लेक्टिव्ह जॅकेट हे वितळून कातडीला चिकटतं. आर्क सूटच्या आतसुद्धा सुती कपडेच हवेत. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. विजेचे हातमोजे 1,000 व्होल्टसाठी क्लास 0, वर चामड्याचं आवरण, आणि प्रत्येक वेळी घालण्याआधी हवा भरून भोक आहे का ते बघायचं. फेस शील्ड असली तरी आत सेफ्टी गॉगल, कानात प्लग. पॅनेलसमोरची मॅट आयएस 15652 ची. ती झटक्यापासून वाचवते, भाजण्यापासून नाही.

सूट उष्णता अडवतो, स्फोटाचा दाब नाही. म्हणून आकडा 40 कॅलरीच्या वर असेल तिथे चालू लाइनवरचं काम मी कुणालाही करू देऊ नये असंच सांगेन, बाजारात त्याहून जाड सूट मिळत असले तरी. आणि मे महिन्यात विदर्भातल्या पॅनेल रूममध्ये जाड सूट घालून अर्धा तास काम म्हणजे चक्कर येऊन पडण्याची वेळ. कामाचे छोटे टप्पे करा, पाणी द्या, सूटमधल्या माणसावर बाहेरून नजर ठेवा.

## पायरी 9 : लेबल, माणसं आणि फेरतपासणी

प्रत्येक पॅनेलवर लेबल: व्होल्टेज, आर्क बाउंड्री, किती अंतराला किती कॅलरी, कपड्यांचं किमान रेटिंग, अभ्यासाची तारीख. इनकमरच्या कप्प्याचं लेबल वेगळं, कारण तिथला आकडा वेगळा. लेबल मराठीत आणि हिंदीत लावा. एमआयडीसीतले कितीतरी वायरमन आणि हेल्पर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले असतात, इंग्रजी लेबल त्यांच्यासाठी नुसतं पिवळं स्टिकर ठरतं. कंत्राटदाराच्या माणसाला गेटवरच्या सेफ्टी व्हिडिओत हे कळत नाही. त्याला त्या पॅनेलसमोर नेऊन, बोट दाखवून सांगा, आणि त्याच्याकडे राज्याचा वैध तारतंत्री परवाना आहे का ते काम देण्याआधी बघा.

एक जण भाजला तर काय, हेही आधी ठरवा. पॅनेल कुठून बंद करायचं, कपड्याला लागलेली आग कशी विझवायची, भाजलेल्या भागावर नळाचं साधं वाहतं पाणी धरायचं, हळद-टूथपेस्ट काही लावायचं नाही, कातडीला चिकटलेलं कापड ओढायचं नाही. बर्न्स वॉर्ड असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, तिथपर्यंत किती वेळ लागतो, त्याचा नंबर पॅनेल रूमच्या बाहेर लिहिलेला असावा. जवळच्या साध्या दवाखान्यात नेऊन तिथून पुन्हा हलवण्यात वेळ जातो.

अभ्यास जास्तीत जास्त पाच वर्षांनी पुन्हा तपासायचा असतो. मात्र ट्रान्सफॉर्मर बदलला, समांतर दुसरा जोडला, महावितरणने सबस्टेशन वाढवलं, डीजी आला किंवा एखाद्या ब्रेकरची सेटिंग बदलली, तर पाच वर्षं थांबू नका. सेटिंग बदलाची एक वही ठेवा: तारीख, जुनी सेटिंग, नवी सेटिंग, कुणी बदलली, कुणी मंजूर केली. ती वही पॅनेल रूममध्येच राहू द्या, आणि सही झाल्याशिवाय कुणीही डायलला हात लावणार नाही, असं त्या रूमच्या दारावर लिहा.